कमोडातला ढोल

शिपू गाव, चाओझोऊ
१२ नोव्हेंबर २०१५

चि. लुआन,

तुझी आई माझी चुलत बहीण, म्हणजे मी तुझा मामा. आणि मामाने भाचीला द्यायचं असतं, तिच्याकडे मागायचं नसतं. म्हणून आधी खोक्यातलं बघ. खारवलेला मुळा आहे, ऑलिव्हच्या पाल्याचं लोणचं आहे आणि डोंगरावरच्या जुन्या झाडाचा चहा आहे. बघितलंस? आता मागतो.

खोकं शेनझेनच्या बसवाल्याबरोबर पाठवतोय. फोन कर म्हणून सगळे मागे लागतात. पण फोनवर माणूस आधी बोलतो आणि मग विचार करतो, त्यामुळे मी पत्रच लिहिणार.

आमच्या नाटकमंडळीचा ढोल मी एकेचाळीस वर्षं वाजवला. आता उजवा खांदा वर जात नाही. नव्या वर्षात पहिल्या महिन्याच्या एकविसाव्या तिथीला, म्हणजे तुमच्या अठ्ठावीस फेब्रुवारीला, ग्रामदेवाची मिरवणूक आहे. त्या दिवशीच्या नाटकाला ढोलावर यिनझू बसणार असं सगळे धरून चालले होते. तू तिला पाहिली आहेस. मांसाचे गोळे विकणाऱ्या यावची ती मुलगी. लहानपणापासून दोन लोखंडी दांड्यांनी मांस कुटून कुटून तिचे दोन्ही हात सारखे चालतात. हात आहे, पण ऐकायची तयारी नाही.

दुसऱ्या अंकात सून दार उघडून बाहेर येते. तिथे झांज वाजली की ढोलाचे ठोके तीन. ही म्हणते चार. "मी सहा वर्षांची असताना रंगमंचाखाली बसून ऐकलेत गुरुजी, तुम्हीच चार वाजवायचात!" मला सांगते! मी म्हटलं, आपल्याकडे चहाचे पेले मांडतात तीन, तसे ठोके तीन. तर म्हणते, "मग चौथा पाहुणा काय करतो?" चौथा वाट बघतो, मी म्हटलं.

शेवटी मंडळीच्या पंचांसमोर ठरलं. २००६च्या नाटकाचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. त्यात तीन निघाले तर शहरातून ढोलवाला आणायचा. चार निघाले तर मी माझ्या हाताने तिला काठ्या देणार.

आता अडचण सांगतो. हसू नकोस. रेकॉर्डिंग आहे एका पेन ड्राइव्हमध्ये, आणि पेन ड्राइव्ह आहे कमोडच्या आकाराचा. संडासाची भांडी करणाऱ्या एका कारखान्याने त्या वर्षी सगळ्या कलावंतांना भेट दिला होता. बाकीच्यांनी हरवले. तो परवा टेबलावरून पडला आणि बंद झाला.

बिंगयावने तो उघडून बघितला. बिंगयाव म्हणजे रेडिओ दुरुस्त करणारा माझा मित्र, तीस वर्षं रोज सकाळी माझ्याकडे चहाला असतो. तो म्हणाला, आत घेवड्याच्या दाण्याएवढी पत्र्याची डबी असते, तिच्यात क्रिस्टल असतो. त्याच्या ठोक्यावर बाकी सगळं चालतं. "नट जिवंत आहेत, ढोलवाला गेला," असं म्हणाला मेला. तुझं तर दुकानच क्रिस्टलचं. बारा आकड्याचा हवा आहे म्हणे. पाठव.

तुझा मुशंगमामा

*

ह्वाछ्यांगबेइ बाजार, शेनझेन
२० नोव्हेंबर

मुशंगमामा, नमस्कार.

हसू नकोस लिहिलंत म्हणून इतकी हसले की शेजारच्या काउंटरवरचा पेंग पाणी घेऊन धावत आला. देवाच्या नाटकाचा ढोल कमोडात!

दुकान कसलं मामा, एक मीटरचं काउंटर आहे माझं. दोन्ही कोपरं टेकली की भरलं. पण क्रिस्टल म्हणाल तर असतील नसतील तेवढ्या जातीचे. तुम्हाला हवा तो सेकंदाला एक कोटी वीस लाख ठोके देतो. तुमच्या यिनझूला सांगा, तिथे तीन का चार हे भांडण कुणाला परवडत नाही.

हे क्रिस्टल पूर्वी प्रत्येक पेन ड्राइव्हमध्ये असायचे. आता बहुतेकांत ठोका मोठ्या चिपच्याच पोटात असतो, वेगळी डबी नसते. तुमचा जुना म्हणून त्यात ती आहे, आणि आतला क्रिस्टल काचेसारखा नाजूक म्हणून पडल्यावर फुटला. पाच पाठवते आहे. एक बसवायला, चार बिंगयावमामांनी हरवायला.

खोक्यात पेस्ट्री आहे आणि खांद्याला चोळायचं तेल आहे. वडीलधाऱ्यांना पाठवायच्या वस्तूला लाल दोरा हवा म्हणून सकाळी सगळं काउंटर पालथं घातलं. शेवटी मिळाला, बांधलाय.

नव्या वर्षाला गावी येणं होणार नाही. यंदा नवऱ्याच्या घरी हुनानला जायची पाळी आहे. तिथे भातात मिरची, भाजीत मिरची आणि सासूच्या बोलण्यातही मिरची.

तुमची लुआन

*

शिपू
३ डिसेंबर

चि. लुआन,

तेल चांगलं आहे, खांदा वाईट आहे.

बिंगयावने तुझे पाचही एकामागून एक बसवून बघितले. कॉम्प्युटर म्हणतो, हे काय लावलंय मला ओळखू येत नाही. पाचव्यानंतर बिंगयावने चष्मा काढला आणि म्हणाला, "क्रिस्टलच बरोबर नाहीत."

मी म्हटलं, तोंड सांभाळ. माझी भाची बारा वर्षं त्या बाजारात बसते. डबीवर 12.000 असं स्वच्छ छापलेलं आहे, तुला वाचता येत नाही का? तो म्हणाला, "छापलेलं वाचता येतं रे, आतलं वाचता येत नाही." काय करावं ते कळव.

मामा

*

शेनझेन
९ डिसेंबर

मामा,

वाईट वाटलं. स्पष्टच लिहिते. माझ्या काउंटरवरून गेलेला माल परत आला असं बारा वर्षांत झालेलं नाही. बिंगयावमामा फार जुने आहेत, त्यांची डाग द्यायची सोल्डरिंगची इस्तरीही त्यांच्याच वयाची असेल. जास्त तापली की क्रिस्टल बसवतानाच मरतो. एक नाही, पाचही मरतात. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी मोठ्या माणसाला म्हणणार नाही, पण तुम्ही समजून घ्या.

एक उपाय आहे. अगदी तसाच दुसरा कमोड शोधते, त्याच वर्षाचा, आत वेगळी डबी असलेला. तुमच्या चिपा उचलून त्यात बसवल्या की झालं. अख्खा बाजार हाताशी आहे, आठवड्यात मिळेल.

लुआन

*

शिपू
२४ डिसेंबर

चि. लुआन,

तुझं पत्र मी बिंगयावला वाचून दाखवलं. इस्तरीचं वाक्य गाळायला हवं होतं, पण मला रागाच्या भरात गाळता आलं नाही. नाचणं आणि अंगणही वाचलं. त्याने पेला पालथा घातला आणि उठून गेला. पंधरा दिवस आलेला नाही.

आपल्याकडे पेले तीनच मांडतात, माणसं किती का असेनात. आता मी तिन्ही भरतो आणि तिन्ही पितो. त्यामुळे दुपारची झोप गेली आहे आणि छातीत धडधडतं. ती धडधड मोजली तर तीन-तीन अशीच येते, हे यिनझूला सांगितलं. ती म्हणाली डॉक्टरला दाखवा.

पंचांनी शहरातल्या ढोलवाल्याशी बोलणं सुरू केलंय. आपलं जुनं वर्ष फेब्रुवारीत संपेपर्यंत वाट बघतो म्हणाले. यिनझू रोज बापाच्या दुकानात मांस कुटताना तो प्रवेश म्हणते आणि मुद्दाम मला ऐकू येईल असे चार ठोके देते. गिऱ्हाइकं म्हणतात, हल्ली गोळे फार छान लागतात.

कमोड लवकर पाठव.

मामा

*

शेनझेन
८ जानेवारी २०१६

मामा,

तुमच्या ढोलापायी माझी अब्रू गेली. तीन मजले, एकेका काउंटरवर जाऊन विचारलं, "कमोडच्या आकाराचा पेन ड्राइव्ह आहे का, दहा वर्षांपूर्वीचा?" एक म्हणाला, "मॅडम, पाण्यासकट हवा का कोरडा?" दुसरा म्हणाला, "घाई असेल तर जिन्याजवळ खरा आहे." आता मी चहा आणायला गेले तरी पोरं ओरडतात, "कमोडताई आल्या!" पेंग तर वाट दाखवायला पुढे धावतो.

मिळाले, मामा. कमोड मिळाले, एकसष्ट. जुन्या मालाच्या गल्लीत एका बाईकडे पोतंभर पडले होते. पेंगच्या काउंटरवर बसून एकेक उघडला. बाहेरून सगळे जुने, आत सगळ्यांना नवी सर्किटची पट्टी! कुणीतरी जुनी टरफलं घेऊन त्यात नवा स्वस्त माल भरला होता. डबी एकातही नाही. पेंग म्हणाला, "या बाजारात जुन्याला नवं करतात हे माहीत होतं, नव्याला जुनं करणारेही निघाले." सगळे हसले. मीही हसले.

अजून एक लिहायचं होतं, पण बस सुटायची वेळ झाली.

लुआन

*

शिपू
१७ जानेवारी

लुआन,

तुझ्या एकसष्ट कमोडांवर हसायला इथे कुणी नाही.

काल यिनझू आली. काठ्या माझ्या टेबलावर ठेवल्या. म्हणाली, "गुरुजी, तो ड्राइव्ह दुरुस्त होऊच नये असं तुम्हाला वाटतंय. म्हणून बिंगयावकाकांनाही घालवलंत." नव्या वर्षानंतर डोंगग्वानला चुलत बहिणीच्या कारखान्यात जाणार आहे म्हणे, बुटाचे तळवे चिकटवायला. ते दोन हात, आणि बुटाचे तळवे!

मी तिला थांब म्हणालो नाही. म्हणायला हवं होतं.

'अजून एक' काय ते लिही. बस रोज सुटते.

मामा

*

शेनझेन
२५ जानेवारी

मुशंगमामा,

हे पत्र तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिते आहे. (चार. माफ करा.)

बिंगयावमामांची इस्तरी बरोबर होती. माझे क्रिस्टल खोटे होते.

आमच्या बाजारात एक रीत आहे. गिऱ्हाईक बारा मागतं आणि डब्यात दुसरंच काहीतरी पडून असतं. मग मागच्या गल्लीत डबीवरचा आकडा घासून काढतात आणि पाहिजे तो छापतात. स्वस्त खेळण्यांत, दिव्यांच्या माळांत जातात, कुणी तक्रार करत नाही. मीही करते. सगळे करतात असं लिहिणार होते, पण सगळ्यांनी तुम्हाला क्रिस्टल पाठवले नाहीत, मी पाठवले.

माझे दोन डबे आहेत. खऱ्याला काही नाही, खोट्याला खूण म्हणून लाल दोरा. त्या दिवशी सकाळी तुमच्या खोक्याला शुभ म्हणून दोरा हवा होता. हाताला तोच लागला. डब्याचा सोडला, तुमच्या खोक्याला बांधला. संध्याकाळी बिनदोऱ्याचा डबा समोर दिसला, त्यात हात घातला. वडीलधाऱ्यांसाठी म्हणून मुद्दाम खऱ्यातला देतेय या समाधानात.

कमोड उघडत होते त्या दिवशी पेंगचं मोजायचं यंत्र समोरच होतं. सहज म्हणून माझ्या डब्यातला एक लावला. एक कोटी वीस लाख हवेत, आले एक कोटी दहा लाख एकोणसाठ हजार दोनशे. सगळे हसत होते तेव्हा मी तो आकडा बघत होते. मग तुम्हाला 'बस सुटते' असं लिहिलं. त्या दिवशी बस तासभर उशिरा सुटली.

खाई त्याला खवखवे. डिसेंबरात तुमचं पत्र आलं तेव्हाच मोजून बघायला हवं होतं, तर मी एका भल्या माणसाच्या इस्तरीवर ढकलून मोकळी झाले. गावी येणार नाही हे बरं झालं असं वाटलं, त्याचीही लाज वाटते. बिंगयावमामांना हे पत्र वाचून दाखवा. यातलं एकही वाक्य गाळू नका.

आता सोबतच्या डबीत बघा. हा खरा कमोड आहे. पेंगच्या शटरच्या किल्ल्यांना दहा वर्षं लटकत होता. रोज डोळ्यांसमोर होता आणि मी तीन मजले हिंडले. सुटा क्रिस्टल आता माझ्या हातून कुणाला देववत नाही, म्हणून अख्खाच पाठवते. उघडलाय, वेगळी डबी आहे, स्वतः मोजलाय: एक कोटी वीस लाख आणि वर सदतीस. सदतीस चालतात.

एक विनंती. तो लाल दोरा ठेवला असेल तर परत पाठवा. डब्याला बांधायचाय, म्हणजे पुन्हा चूक नको.

लुआन

*

शिपू
१ मार्च २०१६

चि. लुआन,

उशीर झाला. का झाला ते सांगतो.

तुझं पत्र घेऊन मी बिंगयावच्या दुकानात गेलो. उभ्याने सगळं वाचलं. तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "पोरीला लिहा, इस्तरी खरंच जुनी आहे." मग पेंगच्या कमोडात माझ्या चिपा बसवल्या. ते सगळं त्याने इतक्या हळू केलं की मी दोनदा चहा केला. कॉम्प्युटरला लावलं आणि लुआन, लागलं! पहिल्यांदा ऐकू आलं ते दहा वर्षांपूर्वीचं माणसांचं खोकणं. त्यात तुझ्या आईचंही असेल.

दुसरा अंक आला तेव्हा मी कानात इअरफोनची बोंडं घातली. एकट्याने ऐकलं. झांज वाजली. एक, दोन, तीन.

चार.

पुन्हा लावलं, चारच. हात माझाच, ओळखू येतो. पन्नाशीतला हात, खांदा शाबूत असलेला. तेव्हा कुणी विचारलं असतं तर चार म्हणालो असतो. पुढे खांदा दुखू लागला तसा एक ठोका मी कधी सोडून दिला ते मलाच कळलं नाही. आणि मग इतकी वर्षं तो तीनचा नियम म्हणून शिकवला.

बिंगयावने विचारलं, "किती?" मी म्हटलं, "खरखर फार आहे. नीट कळत नाही."

तुला एकटीलाच बस सुटायच्या वेळा येतात असं समजू नकोस. घरी आलो. तीन दिवस कुणाला काही सांगितलं नाही. पंच विचारायला आले, त्यांनाही खरखर म्हणालो. ऐकलेला मी एकटा. मी म्हटलं असतं तीन, तर तीनच झाले असते. एकेचाळीस वर्षांचा छाप आहे माझ्यावर, कोण घासून बघणार?

तिसऱ्या दिवशी चहाचा ट्रे उचलला तर खाली तुझं पत्र. 'तर मी एका भल्या माणसाच्या इस्तरीवर ढकलून मोकळी झाले', तिथेच घडी पडलेली. बत्तीस वर्षांची पोर हे स्वतःच्या हाताने लिहिते आणि मी अडुसष्टाचा, कानात बोंडं घालून बसतो! मला माझी फार लाज वाटली.

तसाच यावच्या दुकानात गेलो. यिनझू मांस कुटत होती, डोंगग्वानची पिशवी भरून कोपऱ्यात ठेवलेली. म्हटलं, "चार आहेत. मीच वाजवलेत." तिचे हात थांबले. मला वाटलं आता हसेल, नाहीतर बोलेल काहीतरी. ती म्हणाली, "गुरुजी, बसा, सूप आणते." सुपात गोळे चार होते. पोरगी वाईट आहे.

आणि आता एक गोष्ट तुलाही सांगायची राहिली. तो ड्राइव्ह टेबलावरून पडला नव्हता. यिनझूला तीन म्हणजे तीन हे पटवायला मी तोच हातात धरून चहाच्या ट्रेवर ठोकत होतो. एक, दोन, तीन, आणि तिसऱ्याला गेला. खोटा आकडा मीही ठोकूनच सांगत होतो.

परवा नाटक झालं. सून दाराशी आली, झांज वाजली, यिनझूने चार ठोके दिले आणि सून आरामात उंबरा ओलांडून बाहेर आली. दहा वर्षं ती बिचारी तिथे अडखळत होती आणि मी तिच्या चपलांना नावं ठेवत होतो. बिंगयाव शेजारी बसला होता. त्याने आपल्या पुडीतल्या भोपळ्याच्या बिया माझ्या ओंजळीत ओतल्या.

तुझा दोरा मी ठेवला होता. पण परत मिळणार नाही. काठ्या तिच्या हातात देताना काहीतरी लाल बांधावं लागतं, तो त्यांना बांधला.

खुणेचं म्हणशील तर खोटा डबाच ठेवू नकोस. मग दोरा लागणार नाही.

तुझा मुशंगमामा